डेटाबेस न सांगता काय करतो, ते विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दुकान, पेढी, पतसंस्था, दूध संघ किंवा रुग्णालय संगणकीकृत करायचे ठरले, की बैठकीत खल होतो तो संगणक किती घ्यायचे, प्रिंटर कोणता, साहेबांना मोबाइलवर अहवाल दिसेल का, याचा. ज्यात सगळा हिशोब वर्षानुवर्षे राहायचा आहे तो डेटाबेस मात्र सॉफ्टवेअरवाल्याच्या सवयीने ठरतो. कोणी विचारलेच, तर ‘ओरॅकल आहे, बँकांत तेच असतं’ किंवा ‘फुकट आहे, लायसन्सची भानगड नाही’ एवढ्यावर विषय मिटतो. दोन्ही उत्तरे खरी असतील, पण त्यांवरून निवड करता येत नाही.

आपल्याकडे व्यवसायासाठी घेतले जाणारे रिलेशनल डेटाबेस मुख्यतः चार. ओरॅकल, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल (आणि २००९ मध्ये त्यातूनच वेगळा झालेला मारियाडीबी) आणि पोस्टग्रेस. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली जी कल्पना मांडली, माहिती टेबलांत ठेवायची आणि टेबलांची सांगड त्यांतल्या मूल्यांनीच घालायची, तिचीच ही चार घराणी. माहिती मागण्याची भाषा सगळ्यांची एकच, एसक्यूएल. वीस-पंचवीस जणांच्या कार्यालयात वेगावरून त्यांच्यात डावे-उजवे करण्यात अर्थ नाही. दिवसाला ५०० बिले हे यांतल्या कोणालाच ओझे नाही. घोडे पेंड खाते ते दुसरीकडे. आपण काही सांगितले नाही, तर हा डेटाबेस स्वतःच्या मनाने काय गृहीत धरतो? त्याची उत्तरे चौघांची चार आहेत, आणि ती मार्चअखेरीला कळतात.

बिल नंबरापासूनच सुरुवात करतो. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग हवा, १६ अक्षरांपेक्षा मोठा नको आणि त्या आर्थिक वर्षात दुसऱ्या बिलाला तोच नको. जीएसटीआर-१ च्या तेराव्या तक्त्यात कुठून कुठवर क्रमांक वापरले आणि किती रद्द झाले, हे द्यावे लागते. आता बहुतेक सॉफ्टवेअरवाले हा क्रमांक डेटाबेसच्या आपोआप वाढणाऱ्या आकड्यावर सोडून देतात. तो आकडा चौघांपैकी कोणीही सलग ठेवत नाही, आणि ठेवण्याचे वचनही देत नाही. बिल अर्ध्यात रद्द झाले, की घेतलेला आकडा वाया जातो. ओरॅकलमध्ये सिक्वेन्स (आकडे पुरवणारा भाग) मुळातच २० आकडे आगाऊ उचलून ठेवतो. सर्व्हर अचानक बंद पडला, की त्यातले उरलेले गेले. पोस्टग्रेसमध्येही सर्व्हर कोसळल्यावर ३२ पर्यंत आकडे उडी मारू शकतात. एसक्यूएल सर्व्हर याबाबतीत सगळ्यात दांडगा. २०१२ च्या आवृत्तीपासून तो हजार आकडे आगाऊ धरतो, म्हणून रात्री वीज गेली आणि सकाळी दुकान उघडले तर ४५१७ नंतरचे बिल ५५१८ च्या आसपास निघू शकते. २०१७ पासून हे आगाऊ धरणे बंद करण्याची सोय आहे, पण रद्द झालेल्या बिलाचे भोक त्यानेही बुजत नाही.

मायएसक्यूएलची जुनी खोड याच्या नेमकी उलट आणि जास्त वाईट. ८.० च्या आधीच्या आवृत्त्यांत पुढचा आकडा फक्त मेमरीत असे. सर्व्हर पुन्हा सुरू झाला, की टेबलातला सगळ्यात मोठा आकडा पाहून तो पुढे मोजायचा. म्हणजे शेवटचे बिल कोणी काढून टाकले आणि रात्री सर्व्हर बंद-चालू झाला, तर सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला कालचाच नंबर. कागदावर एका नंबराची दोन बिले, आणि डेटाबेसच्या दृष्टीने सगळे आलबेल.

यावर ‘सगळ्यात मोठा नंबर शोधून त्यात एक मिळवा’ हा उपाय सर्रास दिसतो. दोन काउंटरांनी एकाच क्षणी शोधले, की दोघांनाही तोच नंबर मिळतो. योग्य रीत जुन्या वहीसारखीच आहे. एक छोटे टेबल करावे, त्यात शाखा, आर्थिक वर्ष आणि शेवटचा दिलेला क्रमांक एवढे तीनच रकाने. बिल साठवताना त्याच व्यवहारात (सगळे साठते, नाहीतर काहीच साठत नाही, अशा एका झटक्यातल्या कामात) त्या ओळीतला आकडा एकाने वाढवावा, तोच बिलाला द्यावा आणि मग व्यवहार पक्का करावा. बिल रद्द झाले तर आकडाही आपोआप मागे येतो. तेवढ्या वेळात दुसरा काउंटर त्या ओळीपाशी थांबतो, पण ते थांबणे काही मिलिसेकंदांचे. आकडा वाढवण्याची पायरी व्यवहारात अगदी शेवटी ठेवली, की तेही जाणवत नाही. शाखा, वर्ष आणि क्रमांक मिळून एकदाच येतील, असा निर्बंध बिलांच्या टेबलावर घालून ठेवावा. ही रीत चारही डेटाबेसांत सारखी चालते. सॉफ्टवेअरवाल्याला ती येते की नाही, हे एका प्रश्नात कळते.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. सभासदांची नावे मराठीत ठेवायची म्हटली, की चौघांचे चार स्वभाव उघडे पडतात.

ओरॅकलमध्ये नावाचा रकाना ३० चा केला, तर ते ३० बहुधा बाइट (साठवणीच्या जागेचे माप) असतात, अक्षरे नव्हेत. युनिकोडच्या (जगातल्या लिप्यांच्या समाईक तक्त्याच्या) यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट खातो, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे घटक. ‘ज्ञानेश्वर’ मध्ये असे दहा घटक आहेत: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. म्हणजे बरोबर ३० बाइट. ज्ञानेश्वर बसतो, ज्ञानेश्वरी नावाची सभासद बसत नाही. ओआरए-१२८९९ ही चूक समोर येते. इंग्रजीत नावे भरून चाचणी घेतली असेल तर ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. रकाना करतानाच मोजमाप अक्षरांत आहे असे लिहायचे असते, एवढाच उपाय. नावाचा रकाना १०० घटकांपेक्षा लहान ठेवू नये.

ओरॅकल निदान ओरडतो तरी. एसक्यूएल सर्व्हर गप्प बसतो. त्याच्या व्हारचार या मजकुराच्या साध्या रकान्यात नेहमीच्या मांडणीत देवनागरी राहत नाही. एनव्हारचार रकाना लागतो आणि एसक्यूएलमध्ये मजकुराच्या अवतरणाआधी एन हे अक्षर लिहावे लागते. यातले एकही चुकले तर ‘काळे’ हे आडनाव चार प्रश्नचिन्हे होऊन साठते. हे पडद्यावरच्या फॉन्टचे दुखणे नाही. मूळ अक्षरे त्याच क्षणी गेलेली असतात, नंतर कुठलाही फॉन्ट टाकून परत येत नाहीत. २०१९ च्या आवृत्तीपासून व्हारचारमध्येही यूटीएफ-८ ठेवण्याची सोय आहे, पण ती निवडावी लागते.

मायएसक्यूएल ५.७ पर्यंत मुळात लॅटिन-१ लिपी गृहीत धरत असे. त्यात मराठी भरले तर कधी कधी सॉफ्टवेअरमध्ये ठीक दिसते आणि दुसऱ्या कुठल्याही साधनातून उघडले की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. त्यात यूटीएफ-८ या नावाचा जो प्रकार होता तो अर्धवट, तीन बाइटपर्यंतचाच. मराठीला तो पुरतो. पण गिऱ्हाइकाने पत्त्यापुढे हात जोडल्याची इमोजी टाकली, की तिला चार बाइट लागतात. मग एकतर नोंद नाकारली जाते, नाहीतर सर्व्हर ढिल्या शिस्तीत चालत असला तर इमोजीपासून पुढचा पत्ता गळून पडतो. यूटीएफ-८-एमबी-४ हा पूर्ण प्रकार २०१८ च्या ८.० पासून आपोआप मिळतो. जुन्या टेबलांना तो मुद्दाम लावावा लागतो. पोस्टग्रेस याबाबतीत सरळ. डेटाबेस यूटीएफ-८ मध्ये उघडला असला, की रकान्याची लांबी अक्षरघटकांत मोजली जाते आणि पुढे काही बघावे लागत नाही.

मग येते अनुक्रमाचे. युनिकोडच्या तक्त्यात ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये बसवले आहे. आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते, आणि त्यामागून क्ष, ज्ञ. म्हणून नुसत्या युनिकोड क्रमाने यादी लावली तर काळे, कावळे, काशीद अशी येते. मराठी माणूस कावळे, काशीद, काळे अशी शोधतो. क्षीरसागर तर थेट क मध्ये जाऊन बसतात. पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या ग्रंथालयाचा (तयार कोडच्या संग्रहाचा) मराठी अनुक्रम वापरता येतो, तो रकान्याला किंवा एखाद्या यादीपुरताही लावता येतो, आणि त्यात ह, ळ, क्ष, ज्ञ हा क्रम पाळलेला आहे. मायएसक्यूएलमध्ये मराठीचा असा खास अनुक्रम नाही. सर्वसाधारण सभेच्या मतदार यादीसाठी हे बारीकसारीक वाटत असेल, तर छापील यादीत स्वतःचे नाव शोधणाऱ्या सभासदाला विचारावे.

एक खोच डेटाबेसवर सोडून चालत नाही. कऱ्हाड हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका कळफलकावर ऱ हे वेगळे अक्षर टंकले जाते, दुसऱ्यावर र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. ‘कऱ्हाड’ आणि ‘कर्‍हाड’ डोळ्यांना एकच दिसतात. शोधताना डेटाबेस त्यांना बहुधा दोन गावे समजतो. युनिकोडचे प्रमाणीकरणही या दोहोंना एक करत नाही. नोंद साठवण्यापूर्वीच सॉफ्टवेअरने दुसरे रूप पहिल्यात बदलायला हवे. वऱ्हाडे, कऱ्हाडे अशा आडनावांच्या सभासदांची दोन-दोन खाती निघतात, ती बऱ्याचदा यामुळे.

पैशाच्या रकान्याबाबत फार लिहायला नको. रक्कम फ्लोट म्हणजे अंदाजे दशांशाच्या प्रकारात ठेवलेली दिसली, की त्या सॉफ्टवेअरवाल्याला नमस्कार करून निरोप द्यावा. त्या प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ होत नाही. त्यात पूर्णांक करण्याचे नियमही बदलतात. पोस्टग्रेसमध्ये २.५ हा आकडा न्यूमेरिक प्रकारात असेल तर त्याचे ३ होतात, फ्लोटमध्ये असेल तर २. नऊ-नऊ टक्के सीजीएसटी आणि एसजीएसटी लावून हजार ओळींची बेरीज केली, की ताळेबंदात काही पैशांचा फरक राहतो आणि त्यापायी हिशोबनीस रात्र जागवतो. डेसिमल किंवा न्यूमेरिक, दशांशानंतर निदान दोन स्थळे, दर आणि नगावारीसाठी चार. चौघांतही हे आहे.

तारखांचे मात्र प्रत्येकाचे तंत्र निराळे. ओरॅकलच्या ‘डेट’ प्रकारात वेळही असते, हे त्याच्या नावावरून कळत नाही. १ मार्च ते ३१ मार्च असे मागितले, तर ३१ तारीख सुरू होते त्या मध्यरात्रीपर्यंतचेच येते; वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसाची बिले अहवालातून गायब. कोणी हुशारीने ३१ मार्च २३:५९:५९.९९९ लिहितो. एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम प्रकार त्याला जवळच्या कप्प्यात बसवतो आणि तो कप्पा १ एप्रिल ००:०० हा आहे. म्हणजे नव्या वर्षाचे त्या क्षणाचे बिल जुन्या वर्षात. १ मार्च किंवा नंतर, आणि १ एप्रिलच्या आधी, अशी अट लिहिली की चौघेही बरोबर उत्तर देतात. दूध संघांनी आणखी एक पाहावे. क्लाउडवरचा सर्व्हर बहुधा ग्रीनिचच्या वेळेवर चालतो. पहाटे ५ वाजता घेतलेले दूध त्याच्या घड्याळात आदल्या रात्रीचे ११:३० असते, आणि वेळेचा विभाग न सांगता तारीख काढली तर सकाळचे अर्धे संकलन कालच्या दिवसावर जमा होते.

रिकाम्या रकान्याचा घोळ लहान दिसतो, पण अडवतो. ग्राहकांच्या टेबलात जीएसटी क्रमांक दोनदा येऊ नये म्हणून निर्बंध घालतात. बिननोंदणीच्या ग्राहकाचा रकाना रिकामा. एसक्यूएल सर्व्हर असा एकच रिकामा ग्राहक चालवून घेतो, दुसऱ्याला नाकारतो. रिकाम्या ओळी वगळून अनुक्रमणिका (इंडेक्स) केली की सुटते. इतर तिघे कितीही रिकामे घेतात. मात्र पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल यांना ‘नल’ (काहीच न भरलेले) आणि शून्य लांबीचा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, त्यामुळे सॉफ्टवेअर रकान्यात रिकामे अवतरण भरत असेल तर दुसरा ग्राहक तिथेही अडतो. ओरॅकलला दोन्ही एकच. एकावरून दुसऱ्यावर जाताना सगळ्यात जास्त वेळ याच बाबीत जातो.

मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांबद्दल अजून एक सांगितलेच पाहिजे. ‘साठा शून्याखाली जाऊ नये’ अशी अट टेबलावर घातली, तर ८.०.१६ च्या आधीचे मायएसक्यूएल ती निमूटपणे स्वीकारायचे आणि तितक्याच निमूटपणे दुर्लक्षायचे. मारियाडीबी १०.२ पासून ती अट पाळतो. ‘मायएसक्यूएल आहे’ असे ऐकले, की आवृत्ती विचारायची ती यासाठी. ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला. आणि झॅम्प (सर्व्हरचा तयार संच) टाकून दिलेले असेल, तर पाटीवर मायएसक्यूएल लिहिलेले असले तरी आत मारियाडीबी असतो, मुख्य वापरकर्त्याला पासवर्डही नसतो. ते शिकाऊ वापरासाठी आहे, असे त्याचे कर्तेच सांगतात. तरी ते गल्ल्यावर चालते.

महिनाअखेरीची तक्रार सगळीकडे एकच असते. आतल्या खोलीत अहवाल काढायला घेतला, की बाहेर बिलिंग अडकते. एसक्यूएल सर्व्हर आपण होऊन वाचणाऱ्यालाही कुलूप लावायला लावतो, म्हणून तिथे हे जास्त. वाचणाऱ्याला आधीची पक्की प्रत दाखवण्याची सोय त्यातही आहे, पण ती डेटाबेसच्या पातळीवर चालू करावी लागते, चालू करताना बाकी सगळ्यांना बाहेर काढावे लागते, आणि नंतर टेम्पडीबीची (त्याच्या तात्पुरत्या साठ्याची) जागा वाढते. ओरॅकल, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलचे इनोडीबी (त्याची नेहमीची साठवणयंत्रणा) हे मुळातच प्रत दाखवतात. त्याची किंमत ते दुसरीकडे वसूल करतात. ओरॅकलमध्ये फार लांबलेला अहवाल ‘स्नॅपशॉट जुना झाला’ म्हणून मध्येच मरतो. पोस्टग्रेसमध्ये बदललेल्या ओळींच्या जुन्या प्रती टेबलातच राहतात. ऑटोव्हॅक्यूम त्या झाडतो. कोणी व्यवहार उघडा ठेवून जेवायला गेला, की झाडणे थांबते आणि टेबल फुगते. काही शहाणे ‘मशीन हळू चालतं’ म्हणून ऑटोव्हॅक्यूमच बंद करतात. घर झाडायचे बंद केल्याने घर मोकळे होत नाही.

आता लायसन्स. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

एसक्यूएल सर्व्हरची एक्स्प्रेस आवृत्ती फुकट आणि व्यवसायालाही चालते. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा, मेमरीतला साठा सुमारे १.४ जीबी आणि प्रोसेसरचे फार तर चार कोअर. म्हणजे तिच्यासाठी ३२ जीबी रॅमचे मशीन घेणे हे पैसे विहिरीत टाकणे. २०२५ च्या आवृत्तीत जागेची मर्यादा ५० जीबी झाली. १० जीबी कमी वाटत असेल तर हिशोब करून पाहावा. बिलाची एक ओळ अनुक्रमणिकांसह ४०० बाइट धरा. दिवसाला ५०० बिले, बिलात १० ओळी, म्हणजे दिवसाला २ एमबी. ३०० दिवसांच्या वर्षाला ६०० एमबी. दहा जीबी भरायला सोळा वर्षे लागतात. तरीही ती दोन वर्षांत भरते, कारण बिलांचे स्कॅन आणि ग्राहकांचे फोटो टेबलातच कोंबलेले असतात. ३०० केबीचे १०० फोटो रोज, की वर्षात ९ जीबी गेले. फोटो फोल्डरमध्ये ठेवावेत, टेबलात फक्त त्यांचा पत्ता. एक्स्प्रेसमध्ये वेळापत्रकाने काम करणारा एजंट नसतो, त्यामुळे रात्रीचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्यूलरवर लावावा लागतो. तो लावला आहे का, हे बघणारे कोणी नसते.

त्याच घरची डेव्हलपर आवृत्ती सर्व सोयींसह फुकट मिळते, पण प्रत्यक्ष धंद्यासाठी ती वापरता येत नाही. ग्राहकाकडे तीच टाकून जाणारे आहेत. १८० दिवसांची चाचणी आवृत्ती टाकून जाणारेही आहेत; तिचे तर एके दिवशी शटर पडते. विकत घ्यायची तर कोअरप्रमाणे किमान चार कोअर, किंवा स्टँडर्डमध्ये सर्व्हर आणि माणशी परवाना. मधे सॉफ्टवेअरचा एकच लॉगिन असला, तरी परवाने मागे बसणाऱ्या माणसांचे मोजले जातात.

ओरॅकलचे दुखणे आणखी खोल. स्टँडर्ड एडिशन २ ही दोन सॉकेटच्या (प्रोसेसरच्या दोन जागांच्या) मशीनपुरती आणि १६ थ्रेडपर्यंतच चालते. लहान-मध्यम धंद्याला ती पुष्कळ. एंटरप्राइजमध्ये पार्टिशनिंग, डायग्नोस्टिक्स पॅक, ट्यूनिंग पॅक यांचे पैसे वेगळे. पण टाकताना डायग्नोस्टिक्स आणि ट्यूनिंग ही दोन्ही पॅक चालूच असतात. कोणी सद्हेतूने एडब्ल्यूआर हा कामगिरीचा अहवाल काढला, की वापराची नोंद डेटाबेसमध्येच होते आणि लायसन्स तपासणीला तीच नोंद समोर येते. एंटरप्राइज घेतली असेल तर पहिल्याच दिवशी व्यवस्थापन पॅकची ती सेटिंग ‘काही नाही’ वर न्यावी. त्यांची फुकट आवृत्तीही आहे, १२ जीबी माहिती आणि २ जीबी मेमरीची.

पोस्टग्रेसला लायसन्सचा खर्च नाही, कोअर मोजायचे नाहीत, आवृत्त्यांचे थर नाहीत. म्हणून तो फुकट पडतो, असे नव्हे. दर वर्षी एक मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला पाच वर्षे आधार मिळतो. १४ चे डेटा फोल्डर १६ ला चालत नाही, बदलण्याची प्रक्रिया करावी लागते. लिनक्सची आवृत्ती बदलली, की मजकुराच्या अनुक्रमणिका पुन्हा बांधाव्या लागू शकतात, कारण अनुक्रमाचे नियम तो प्रणालीच्या ग्रंथालयाकडून उसने घेतो, ग्लिबसी या ग्रंथालयाच्या २.२८ आवृत्तीत ते बदलले आणि अनेकांकडे असलेली नावे शोधताना सापडेनाशी झाली. प्रत्येक जोडणीला तो वेगळी प्रक्रिया उघडतो, मुळात १०० पर्यंत. शंभराहून जास्त माणसे असतील तर मधे जोडण्या वाटून देणारा पीजीबाउन्सर ठेवावा, नुसता आकडा वाढवत बसू नये. शेअर्ड बफर्स (माहितीसाठी राखलेली मेमरी) मुळात १२८ एमबी असतात, ते रॅमच्या पाव हिश्श्यावर न्यावेत. हे करणारा माणूस लागतो, त्याचे पैसे असतात.

बॅकअपचे प्रत्येकाचे नाटक वेगळे आहे. एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्डमध्ये नवा डेटाबेस ‘फुल’ रिकव्हरीत उघडतो. रोज रात्री पूर्ण बॅकअप घेतला तरी लॉगचा (प्रत्येक बदलाच्या नोंदवहीचा) बॅकअप घेतल्याशिवाय लॉग फाइल रिकामी होत नाही. ती वाढत वाढत डिस्क भरते आणि ९००२ ही चूक येऊन बिलिंग थांबते. मग कोणीतरी ती फाइल आकुंचित करून जातो आणि महिन्याने पुन्हा तेच. दर १५ ते ३० मिनिटांनी लॉग बॅकअप, हाच इलाज. त्याने फायदाही असा, की संध्याकाळी ५ ला डिस्क गेली तर दिवसभराची बिले जात नाहीत, शेवटची काही मिनिटे जातात. पोस्टग्रेसमध्ये हेच काम डब्ल्यूएएल या लॉग फाइली दुसऱ्या मशीनवर पाठवून होते, ओरॅकलमध्ये आर्काइव्हलॉग आणि आरमॅनने, मायएसक्यूएलमध्ये बायनरी लॉगने. मायएसक्यूएलडंप (प्रत काढण्याचे साधन) चालवताना ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय नसेल, तर प्रत निघेपर्यंत टेबलांना कुलूप लागते आणि चालू बिलिंग अडते. साठवलेले प्रोसीजरही वेगळे मागावे लागतात. पोस्टग्रेसचा पीजीडंप डेटाबेस नेतो, वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड मागे ठेवतो. आणि सर्व्हर चालू असताना डेटा फोल्डरची कॉपी पेन ड्राइव्हवर घेणे हा कोणाचाच बॅकअप नव्हे.

वेग वाढवून दाखवण्यासाठी काही जण पोस्टग्रेसचे एफसिंक (डिस्कवर लिहिल्याची खात्री करणे) बंद करतात, किंवा मायएसक्यूएलला दर व्यवहाराऐवजी दर सेकंदाला डिस्कवर लिहायला सांगतात. मायएसक्यूएलमध्ये वीज गेली तर सेकंदभराची बिले जातात. पोस्टग्रेसमध्ये डेटाबेसच बिघडून उघडेनासा होऊ शकतो. जिथे भारनियमन आहे तिथे या दोन सेटिंग लिहून ठेवाव्यात आणि तपासाव्यात.

कंपन्यांना आणखी एक बंधन आहे. १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, तारखेसह, बंद न करता येणारी नोंद हवी. हिशोबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर हवा. सॉफ्टवेअरच्या पडद्यावरून केलेला बदल बहुतेक जण नोंदवतात. पण ‘जरा मागून दुरुस्त करून देतो’ म्हणत थेट डेटाबेसमध्ये केलेला बदल कुठे नोंदतो? एसक्यूएल सर्व्हरमध्ये ऑडिटची सोय २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून सर्व आवृत्त्यांत आहे. ओरॅकलमध्ये आहे. पोस्टग्रेसला पीजीऑडिट जोडावे लागते. मारियाडीबीत त्याचे प्लगइन फुकट मिळते, मायएसक्यूएलच्या कम्युनिटी आवृत्तीत मिळत नाही. कंपनीचा हिशोब असेल तर एवढ्या एका मुद्द्यावरून मायएसक्यूएल कम्युनिटी बाजूला ठेवावे, असे माझे मत आहे.

मग घ्यावे काय? स्वतःचे सॉफ्टवेअर लिहून घेत असाल आणि मराठी नोंदी असतील, तर पोस्टग्रेस. तयार सॉफ्टवेअर घेत असाल आणि ते एसक्यूएल सर्व्हरवर चालत असेल, तर एक्स्प्रेसपासून सुरुवात करावी, फोटो बाहेर ठेवावेत. संकेतस्थळ आणि ऑनलाइन विक्री मायएसक्यूएल ८.४ किंवा मारियाडीबीवर उत्तम चालते. ओरॅकल फक्त तेव्हाच, जेव्हा विकत घेतलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालतच नाही. एकट्या माणसाच्या दुकानाला तर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइलही पुरते, मात्र ती फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवू नये. कुलपांचा गोंधळ होऊन ती बिघडते.

आपल्या दैनिकात सहकारी संस्थांच्या निविदा छापून येतात. त्यांत ‘नामांकित कंपनीचा डेटाबेस’ असे लिहिण्याऐवजी संस्थांनी चार अटी घालाव्यात, अशी विनंती आपल्या माध्यमातून करतो. काम ताब्यात घेण्याच्या दिवशी ठेकेदाराने आदल्या रात्रीचा बॅकअप दुसऱ्या, कोऱ्या मशीनवर सर्वांसमोर उतरवून दाखवावा आणि महिनावार विक्रीची बेरीज मूळ मशीनशी ताडून द्यावी. कऱ्हाडे आडनावाचा सभासद दोन्ही तऱ्हांनी टंकून शोधून दाखवावा. बिल अर्ध्यात रद्द करून, सर्व्हरची वीज काढून, पुढचा नंबर सलग येतो का ते दाखवावे. आणि डेटाबेसच्या मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड, आवृत्तीच्या नावासह, बंद पाकिटात सचिवांच्या हवाली करावा. शेवटची रक्कम हे पाकीट मिळाल्यावर द्यावी.

आपला,
एक डेटाबेस प्रशासक, पुणे